सासूबाईंच्या शिपायाचं मधलं नाव

मेलेल्या माणसांची काळजी आमच्या घरात दोघांनी वाटून घेतली होती. आमच्याकडची बाबांनी, तिकडची सासूबाईंनी. जिवंतांचे डबे, शाळा आणि औषधं बघायला मी होतेच.

बाबांनी पुण्यात विमा कंपनीत नोकरी केली, पण ती पोटासाठी. खरा जीव होता आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात. कुठला चुलत आजोबा बडोद्याला गेला की इंदूरला, एवढ्यावर ते आख्खा हिवाळा नातेवाइकांशी वाद घालत. आई गेल्यावर मी त्यांना इकडे पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये आणलं, सिंगापूरला, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि वंशवृक्षाचे कागदच जास्त होते. त्या कुलवृत्तांतात माझं लग्न एका ओळीत उरकलं आहे: ‘विवाह सिंगापूर येथे.’ कुणाशी, ते नाही. समितीचं एकमत झालं नाही, असं मला सांगण्यात आलं. समितीचे अध्यक्ष बाबाच होते. तेव्हा मी वर्षभर त्यांना फोन केला नव्हता आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

माझा नवरा इथलाच, युरेशियन. पोर्तुगीज, डच, इंग्रज इकडे आले, त्यांच्यापासून आणि इथल्या बायकांपासून झालेल्या कुटुंबांपैकी एक. तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात तो इंजिनिअर आहे. त्याची आई, माझ्या सासूबाई, आमच्याकडेच राहायच्या. त्यांचं यकृत कामातून गेलं होतं. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, बाकी काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

बाबा त्यांना ‘विहीणबाई’ म्हणायचे. हा काहीतरी मोठा किताब आहे अशी सासूबाईंची समजूत होती आणि ती कुणी मोडली नाही. त्या बाबांना ‘बाबा’च म्हणायच्या, वयाने मोठ्या असूनही. दोघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं, एकाचं विमा कंपनीतलं, दुसरीचं इथलं. दोन्ही एकमेकांना नीट कळायचं नाही म्हणून भांडण कधी झालं नाही.

सासूबाईंना मरणाची भीती नव्हती. त्यांना भीती होती नंतरची, आणि ती स्वर्गनरकाची नव्हे. इथे ख्रिस्ती माणसाला पुरलं तरी पंधरा वर्षांनी थडगं उकरतात, जागा दुसऱ्याला लागते. त्यांच्या वडिलांचं दफन झालं होतं तिथे आता दहा मजल्यांचे ब्लॉक आहेत आणि खाली मुलं सायकल चालवतात. सासऱ्यांचं थडगं उकरलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते. सकाळी सकाळी वर ताडपत्रीचा तंबू, आत खड्डा, आणि कामगार एकेक हाड काढून प्लास्टिकच्या टबात ठेवत होते. सगळं मातीच्या रंगाचं झालेलं, फक्त बुटाचे सोल शाबूत. सासूबाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. घरी येताना टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, “बूट चांगले घेतले होते.”

दर नोव्हेंबरात त्यांच्या मृतात्म्यांच्या दिवशी त्या खिडकीत मेणबत्त्या लावून घराण्यातली नावं म्हणायच्या. आईकडून पाठ झालेली, एकापाठोपाठ एक. सगळ्यात शेवटी यायचा तो शिपाई. डचांच्या काळात मलाक्क्यात गावकऱ्यांनीच पाळीपाळीने बंदूक घेऊन पहारा करायचा, अशा रक्षक तुकड्या होत्या. त्यातल्या एका तुकडीत तो होता. नदीपलीकडे त्याचा पहारा असायचा. घराण्यातला पहिला माणूस, आमचा डच पूर्वज, असं सासूबाई मान थोडी वर करून सांगायच्या. त्यांनी लग्न दूरच्या चुलतभावाशी केलं होतं, त्यामुळे माहेरचं आडनावच सासरी राहिलं. सगळ्या नावांत त्याचं एकट्याचंच पूर्ण म्हणायच्या: नाव, मधलं नाव, आडनाव.

त्या वर्षी मेणबत्त्या विझल्यावर त्यांनी बाबांना हाक मारली. “बाबा, तुम्हाला हे काम येतं ना? मला माझा एक माणूस शोधून द्या. ज्याला कुणी उकरलं नाही असा एक. तो जिथे आहे तिथेच आहे, एवढं मला बघून जायचंय.”

बाबांना काय, आंधळा मागतो एक डोळा. ऑस्ट्रेलियापासून इथल्या कटोंग भागापर्यंतच्या सगळ्या म्हाताऱ्या मावश्यांना त्यांनी फोन लावले. मलाही त्यांचा उत्साह बघून बरं वाटलं. माझ्या सासरचं मूळ खणून काढायला निघालेत म्हणजे त्या एका ओळीची भरपाई करताहेत, असं मी मनात धरलं. त्यात थोडी फुशारकीही होती. पुण्याच्या नातेवाइकांना ते फोनवर सांगायचे, “व्याह्यांकडचे मूळचे हॉलंडचे, बरं का.” आडून काय सांगायचं असायचं ते मला कळायचं. मुलीने जातीबाहेर लग्न केलं खरं, पण निदान गोऱ्यांत केलं.

मग एका रविवारी ते नवऱ्याला घेऊन मलाक्क्याला गेले. टेकडीवर छप्पर नसलेलं जुनं चर्च आहे, आत भिंतींना टेकून डच काळातले थडग्यांचे मोठमोठे दगड उभे केलेत. बाबांना डच वाचता येत नाही, पण नाव वाचता येतं. एका पुरुषभर उंचीच्या दगडावर त्यांना तेच आडनाव दिसलं, आणि आडनावाआधी शिपायाचं मधलं नाव. वर ढाल, तलवार, खाली कवटी. हुद्दा कॅप्टन.

आपल्याकडे मधलं नाव बापाचं. जन्मदाखल्यावर, हॉलतिकिटावर, गॅसच्या कार्डावर बापच मध्ये बसलेला. बाईचं लग्न झालं की बाप उठतो आणि तिथे नवरा बसतो. जगात कुठे याहून वेगळं असेल हे बाबांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी फोटो काढला आणि घरी येऊन जाहीर केलं, “विहीणबाई, शिपायाचे वडील सापडले. कॅप्टन होते.” नवऱ्याचं स्वतःचं मधलं नाव त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचं आहे. त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण बाबांनी निकाल सांगितला, तो कसा काढला ते सांगितलं नाही, आणि मोठ्यांना खोदून विचारायची त्याला सवय नाही.

सासूबाईंनी तो फोटो मोबाइलवर मोठा करकरून बघितला. “वा, कॅप्टन लाह,” आमची मुलगी इथल्या ढंगात म्हणाली. सासूबाई रडल्या. शिपायाचा दगड नाही तर नाही, बापाचा आहे, मुलगा आसपासच असणार. मला घेऊन चला, म्हणाल्या.

डॉक्टर नको म्हणत होते. आम्ही नेलं. छातीला वेदनाशामक पॅच लावून, मागच्या सीटवर उशा रचून, तुआसच्या पुलावरून पलीकडे मलेशियात. टेकडीच्या पायऱ्या नवरा त्यांना पाठीवर घेऊन चढला. त्यांचं वजन तेव्हा शाळकरी पोरीएवढं राहिलं होतं. दगडापाशी त्यांना खाली ठेवलं, तर त्या दोन्ही हात टेकून पुढे सरकल्या, कपाळ दगडाला लावलं आणि मग त्याचं चुंबन घेतलं. बराच वेळ. मी त्यांचा इतका समाधानी चेहरा आधी पाहिला नव्हता. “हा हलला नाही,” त्या मला म्हणाल्या. “बघ, हा कुठे गेला नाही.”

तिथे एक निवृत्त शिक्षक यायचे, तिथल्याच युरेशियन वस्तीतले, पर्यटकांना दगडांवरचं वाचून दाखवायचे. नवरा सासूबाईंना घेऊन गाडीकडे उतरला, तेव्हा ते आमच्याजवळ आले. त्या बाईंचं कोण, असं त्यांनी विचारलं. बाबांनी सगळी पिढ्यांची साखळी सांगितली, अभिमानाने.

“पण कॅप्टनच्या मागे कुणी उरलं नाही,” शिक्षक म्हणाले. “मुलं लहानपणीच गेली, नाव चालवायला कुणी नाही, असं या दगडावरच आहे. तुम्ही त्याला वडील कशावरून ठरवलंत?”

“मधल्या नावावरून,” बाबा म्हणाले. “मधलं नाव वडिलांचंच असतं ना.”

शिक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मग परत बाबांकडे. शिपाई कुठे पहारा करायचा, असं विचारलं. नदीपलीकडे, बाबांनी सांगितलं.

“नदीच्या या बाजूला गावातल्या गोऱ्यांची तुकडी होती,” ते हळू आवाजात म्हणाले. “पलीकडची सुटलेल्या गुलामांची. गुलामाला बाप्तिस्मा दिला की मालक स्वतःचं नाव द्यायचा. आडनावसुद्धा. पुढे कधी मोकळं केलं तर नाव तेच राहायचं. हे लोक बहुतेक तुमच्याच किनाऱ्यांवरून आणलेले असायचे, मलबार, बंगाल. किंवा बाली, सेलेबीस बेटांवरून. कोण ते कुणी विचारलं नाही.” मग म्हणाले, “मालकच बापही असेल. तसंही व्हायचं. ते मात्र कुणी दगडावर लिहीत नसे.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, पुण्याच्या नातेवाइकांना आता काय सांगणार याची लाज. गेली कॅप्टनगिरी. मला क्षणभर आसुरी आनंदही झाला, लपवत नाही. मग लक्षात आलं की ते खाली गाडीकडे बघताहेत, जिथे सासूबाई उशांवर बसून नवऱ्याला हाताने खूण करून काहीतरी सांगत होत्या, दगडाची उंची बहुतेक.

पायऱ्या उतरताना मी त्यांना थांबवलं. “त्यांना सांगायचं नाही.”

“त्यांचा वंश आहे,” बाबा म्हणाले. “आपण चुकीचं दिलंय त्यांना.”

“त्या मरताहेत, बाबा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.”

बाबा बाकी कशावर विश्वास ठेवत नाहीत, शपथेवर ठेवतात. परतताना चेकपॉइंटवर गाड्यांची लांबच लांब रांग होती. सासूबाई तेवढा वेळ आनंदात गात होत्या, घशातल्या घशात. बाबा पुढच्या सीटवर नुसते समोर बघत होते. माझ्या शेजारी मुलगी झोपली होती. तिच्या शाळेच्या जॅकेटवर आडनाव शिवलेलं आहे, आमच्या सगळ्यांचं आडनाव, आणि ते मला वाचवेना.

मी ठरवलं होतं की प्रकरण इथेच मिटलं. चार दिवसांचा प्रश्न, सुखाने जातील बिचाऱ्या. पाया लेबारच्या ऑफिसात मी रोज जात होते, मीटिंगा करत होते, आणि घरी आल्यावर बाबांकडे डोळे वटारून बघत होते. ते सासूबाईंच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसून असायचे. सासूबाई आल्यागेल्याला फोटो दाखवायच्या.

मग त्यांनी नवऱ्याला आपली इच्छा सांगितली. पुरणं नको, पंधरा वर्षांनी पुन्हा तो तंबू नको. दहन करा आणि मूठभर राख कॅप्टनच्या दगडाच्या पायाशी मातीत घाला. “मला त्यांच्या पायाशी ठेवा,” असे शब्द होते. नवरा लगेच मलाक्क्याला फोन करायला लागला, कुणाची परवानगी लागेल ते विचारायला.

मी चहा घेऊन येत होते तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून आत गेलेले दिसले. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले. मी दारात उभी राहिले. मला थांबवता आलं असतं.

“विहीणबाई,” ते म्हणाले आणि पलंगाशेजारी बसले. विमा कंपनीच्या इंग्रजीत, एखाद्याचा दावा नामंजूर झाल्याचं सांगावं तसं त्यांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. दगडावर काय लिहिलंय ते. नदीची ही बाजू आणि ती बाजू. नाव कसं दिलं जायचं. आमच्याकडे मधलं नाव म्हणजे बाप, म्हणून मी तसं धरलं, असंही सांगितलं.



“बाप की मालक?” सासूबाईंनी विचारलं.

“माहीत नाही. दोन्हीही असेल.”

“मग माझा कुठे आहे?”

“नदीपलीकडे कुठेतरी. तिथे आता हॉटेलं आहेत. दगड नाही.”

“म्हणजे त्यालाही नाही,” त्या म्हणाल्या. मग मला पाणी मागितलं. प्यायल्या नाहीत. चूळ भरून टाकली, पुन्हा मागितलं, पुन्हा टाकली. मी तसराळं धरून उभी होते. तोंड पुसून पुसून ओठाला रक्त आलं तेव्हा मी टॉवेल काढून घेतला.

“तिथेच का नाही सांगितलंत?” त्यांनी बाबांना विचारलं. “त्या दिवशीच?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चूक झाली,” म्हणाले. शपथेचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्यानंतर त्या बाबांशी बोलल्या नाहीत. ते आत आले की भिंतीकडे तोंड करायच्या. बाबा तरी रोज जायचे, उभे राहायचे, बाहेर यायचे. नवऱ्याचं तर रक्तच उसळलं होतं. “ती सुखाने मरत होती. याचं खरंखोटं कुणी मागितलं होतं?” तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. माझंही हेच म्हणणं होतं, आणि ते तो म्हणाला तेव्हा मला ऐकवलं नाही. एकीकडे बाबांचा राग येत होता, दुसरीकडे मालकाच्या पायाशी राख हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते सांगायला मी तोंड उघडलं असतं का? नाही. मी राख घेऊन गेले असते आणि फुलंही वाहिली असती.

राखेचं काय करायचं ते त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मला. इथे सरकारने एक बाग केली आहे, तिथे राख मातीत ओततात. पाटी नाही, नाव नाही, कुणाची कुठे ते खूण ठेवत नाहीत. “तिथे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या पाद्र्यांना ते पसंत नव्हतं. त्यांनी समजूत घालून पाहिली. सासूबाई ऐकल्या नाहीत. दिवस फार राहिले नव्हते. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, पण हात मध्येच तोंडाकडे जायचा.

बागेत आम्ही चौघंच गेलो. खडीची वाट, दोन्ही बाजूंना हिरवळ, मध्ये मातीचा पट्टा. तिथला अधिकारी सभ्य होता. त्याने नियम सांगितले: धार्मिक विधी करायचे नाहीत, काही मागे ठेवायचं नाही. नवऱ्याने राख ओतली. करडी भुकटी मातीत दिसेनाशी व्हायला वेळ लागला नाही. वरून पाणी घालायचं असतं, ते मुलीने घातलं. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि चप्पल काढून मातीच्या कडेला उभे राहिले. अधिकारी म्हणाला, “अंकल, प्रेयर्स नाहीत.”

“प्रेयर नाही,” बाबा म्हणाले. “फक्त नावं.”

अधिकारी दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात, आणि ती मुलाने बापाच्या कुळाची. विहिणीसाठी कुणी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. बाबांनी सुरुवात सासूबाईंच्या नावाने केली. मग त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा. तिथे थांबायचं असतं, ते थांबले नाहीत. एकेक करत मागे जात राहिले. आडनाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. कुणाच्या नावातलं एक अक्षर सुटलं तर दुसऱ्यांशी महिनोन्महिने भांडणारा माणूस, प्रत्येकाचं अर्धं नाव गाळून चालला होता. शेवटी शिपाई आला. बाबांनी त्याचं पहिलं नाव घेतलं आणि ते थांबले. मधलं घेतलं नाही.

मी डोळे मिटले. ते पहिलं नावसुद्धा बाप्तिस्म्याच्या दिवशी मालकाच्याच घरातून मिळालेलं असणार, हे मला तेव्हा सुचलं. बाबांना आधीच सुचलं असावं.

महिनाभर बाबांशी एक शब्द न बोललेल्या माझ्या नवऱ्याने विचारलं, “त्याच्या आधी?”

“माहीत नाही,” बाबा म्हणाले. आणि मग ते रडायला लागले, आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.